जळलेल्या डोंगरातली लाकूडतोड आणि १९९५चं कलम

वणवा विझला की डोंगरावर उभी राहिलेली काळी खोडं कुजायच्या आत कापून विकायची, ही अमेरिकेच्या पश्चिम भागातली जुनी रीत. यालाच तिथे सॅल्व्हेज लॉगिंग म्हणतात. १९१०मध्ये आयडाहो आणि मोंटानात सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, तेव्हाही हाती लागेल ते लाकूड काढलं गेलं. ओरेगॉनच्या किनारी डोंगररांगेत १९३३च्या आगीनंतर वर्षानुवर्षं तोड चालली. १९३९, १९४५ आणि १९५१ला तोच पट्टा पुन्हा पेटला. मेलेलं झाड म्हणजे वाया चाललेला माल, एवढाच हिशेब होता.

तो हिशेब डळमळला १९८०च्या दशकात. सेंट हेलेन्स ज्वालामुखीभोवतीच्या राखीव भागात उद्रेकाने आडवी झालेली झाडं तशीच ठेवली गेली. १९८८ला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातलं सुमारे आठ लाख एकर क्षेत्र आगीच्या तडाख्यात सापडलं, तिथेही विक्रीसाठी तोड झाली नाही. जळकं रान ओसाड नसतं, हे मग दिसू लागलं. आगीपाठोपाठ लाकूड पोखरणारे भुंगेरे येतात. काही जातींना तर दूरच्या आगीची धगही कळते. त्यांच्या अळ्यांवर काळ्या पाठीचा सुतार पक्षी जगतो. तो कोरतो त्या ढोलीत पुढे माउंटन ब्लूबर्डसारखे स्वतः ढोली न कोरणारे पक्षी राहतात.

अडचण अशी की अळ्यांचा सुकाळ पहिली काही वर्षंच टिकतो, आणि लाकडाचा भावही तेवढ्यातच उतरतो, कारण त्याच अळ्या आणि बुरशी ते नासवतात. सुताराच्या सुगीची वर्षं आणि लाकूड कंपन्यांच्या घाईची वर्षं एकच. म्हणून पुढचा सगळा झगडा मुदतींचा झाला : तपासणीला किती महिने, अपिलाला किती दिवस.

या घाईला थेट कायद्याचं बळ मिळालं ते जुलै १९९५मध्ये. विधेयक होतं सरकारी खर्चकपातीचं आणि आपत्तीग्रस्तांच्या मदतीचं. ओक्लाहोमा सिटीच्या स्फोटानंतरची मदतही त्यातच होती. राष्ट्राध्यक्षांनी पहिला मसुदा जूनमध्ये नाकारला, दुसऱ्यावर सही केली. त्यात वणव्यात जळालेल्या आणि किडीने मेलेल्या झाडांची तोड जलद करण्याचं कलम बसवलं होतं. पर्यावरणाच्या कायद्यांचं पालन झालंच आहे असं गृहीत धरायचं, प्रशासकीय अपील नाही, कोर्टात जायची वाटही अरुंद. आदल्या वर्षीचे भीषण वणवे ताजे असल्याने 'जंगलाचं आरोग्य' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, आणि त्याच्या आड बरंच काही खपलं.

खरी मेख व्याख्येत होती. मेलेली, रोगट, पडलेली झाडं ठीक. पण कीड किंवा आग 'लवकरच' लागण्याची शक्यता असलेली झाडंही त्यात बसत. डोंगरावरच्या कुठल्या झाडाबद्दल असं म्हणता येणार नाही? शिवाय त्याच कलमाने ओरेगॉन-वॉशिंग्टनमधल्या हिरव्यागार, जुन्या वृक्षांचे रखडलेले सौदेही मोकळे केले. त्यांचा आगीशी काही संबंध नव्हता. समर्थक म्हणत, गावातल्या लाकूड कापायच्या गिरण्या बंद पडताहेत आणि लाकूड रानात सडतंय. ही तक्रार खोटी नव्हती. पण त्याच वर्षी शास्त्रज्ञांच्या एका गटाने बजावलं होतं की तीव्र उतारावर आणि नाजूक मातीवर जळालेल्या झाडांना हात लावू नये, नवे रस्ते काढू नयेत. रस्त्यांची माती ओढ्यांत उतरते आणि ट्राउट माशांची अंडी घालायची खडी बुजते. कलमाची मुदत १९९६अखेर संपली. अविश्वास मात्र राहिला.

२००२ला ओरेगॉनच्या दक्षिण भागात जवळपास पाच लाख एकरांवर बिस्किट वणवा फिरला आणि वाद पुन्हा उफाळला. तोड झालेल्या जागी आपोआप उगवलेली सूचिपर्णी रोपं सुमारे ७१ टक्क्यांनी घटली आणि जमिनीवर जळाऊ काटक्या वाढल्या, असं २००६च्या एका पानाच्या शोधनिबंधात छापून आलं. निबंध लिहिणाऱ्यांच्याच विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी तो छापणं लांबवावं म्हणून प्रयत्न केले, संशोधनाचा सरकारी निधीही काही काळ थांबवला गेला. एवढी धांदल करून निबंधाची प्रसिद्धी तेवढी वाढली.

सगळ्याच प्राण्यांचं नुकसान होतं असं नाही. लुईसचा सुतार उडते किडे टिपतो, त्याला थोडी विरळ केलेली जळकी रानंही चालतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मात्र भुंगेऱ्यांनी पाइनची झाडं मारल्यावर झालेल्या अफाट तोडीत फिशर या मांसभक्षक प्राण्याला पिल्लं ठेवायला मोठ्या, पोकळ झाडांची चणचण झाली.

२०२०च्या एका व्यापक विश्लेषणाचा निष्कर्ष असा : फक्त आग, वादळ वा किडीने बाधित जंगलातच आढळणाऱ्या जातींपैकी ९० टक्के टिकवायच्या तर बाधित क्षेत्राचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग न तोडता ठेवावा लागेल. तोडीच्या योजनांमध्ये अजूनही बहुधा एकरी मोजकी वाळकी खोडं राखण्याची अट असते. काळ्या पाठीच्या सुताराला ती दाट हवी असतात.