नगरदर्शिका व राजकीय स्मृतिवस्तू (ग्रंथालयीन संग्रह, नाशिक)

शहरातले व्यापारी, वकील, वैद्य, कचेऱ्या, शाळा, धर्मशाळा यांची पत्त्यांसह छापलेली यादी म्हणजे नगरदर्शिका. बोलण्यात सरसकट डिरेक्टरी. सभा, सत्याग्रह, अधिवेशन किंवा निवडणूक उरकल्यावर मागे राहणारे बिल्ले, हस्तपत्रके, पावत्या, पास, मानपत्रे यांना राजकीय स्मृतिवस्तू म्हणतात. दोन्हींचे आयुष्य मुळात बेताचे. नवी डिरेक्टरी आली की जुनी रद्दीत जाते, मतदान झाले की पत्रकात भजी बांधली जातात. ग्रंथालयापर्यंत जे पोहोचते ते बहुधा एखादा वाडा उतरवताना माळ्यावरची ट्रंक कुणीतरी उघडून पाहिली म्हणून.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, म्हणजे इथल्या नगरपालिकेपेक्षाही (१८६४) जुने. एवढ्या जुन्या वाचनसंस्कृतीच्या शहरात डिरेक्टऱ्यांची अखंड मालिका असेल असे वाटते. पण नाशिकचा अभ्यास करणाऱ्याला तुकडेच जोडावे लागतात. कलकत्त्याच्या थॅकर, स्पिंक कंपनीची अखिल भारतीय डिरेक्टरी १८८५ पासून निघत असे. अशा ग्रंथांत जिल्ह्याच्या ठिकाणांना जागा थोडी आणि तीही आधी साहेबलोकांना. १८८३ च्या मुंबई इलाखा गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा आहे. त्यात पेठा, घाट, देवळे आणि तांब्यापितळेचा धंदा यांची माहिती मिळते, पण अमुक गल्लीत अमुक माणूस राहत होता हे मिळत नाही. ती पोकळी पुढे व्यापारी दर्शिका, टेलिफोन डिरेक्टरी आणि मतदारयाद्या भरतात.

या तुकड्यांतला सर्वांत बोलका भाग जाहिरातींचा. भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल, मेन रोड इथल्या दुकानांच्या चौकटी पाहिल्या की धंदा कोणत्या गल्लीतून कुठे सरकला ते दिसते. पत्ता म्हणून घर क्रमांकाऐवजी ‘अमक्या देवळासमोर’, ‘तमक्यांच्या वाड्यात’ असे लिहिलेले असते. वाडा पडला की पत्ताही निराधार होतो. नावेही बदलतात : जुन्या कागदातला व्हिक्टोरिया पूल म्हणजे आजचा अहिल्याबाई होळकर पूल. शोध घेताना ‘नासिक’ आणि ‘नाशिक’ ही दोन्ही रूपे तपासावी लागतात; एकच पाहणारा अर्धा संग्रह हुकवतो.

छापील डिरेक्टरीच्या कितीतरी आधीपासून पंचवटीत एक वेगळी डिरेक्टरी चालत आली आहे : तीर्थोपाध्यायांच्या वह्या. रामकुंडावर श्राद्धाला किंवा अस्थिविसर्जनाला आलेल्या यजमानाला आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात. मग त्या घराण्याची वही निघते आणि आजोबा-पणजोबांच्या हातचा लेख समोर येतो. जुने लेख मोडीत असतात. या वह्या उपाध्यायांच्या घरी राहतात, ग्रंथालयात नव्हे, आणि त्यांत नोंद नाशिककरांपेक्षा नाशिकला येणाऱ्यांची. तरीही शहराच्या लिखित स्मृतीचा विचार त्यांना वगळून करणे म्हणजे गोदावरी वगळून नाशिकचा नकाशा काढणे.

डिरेक्टरीत नाव यायला दुकान, पदवी, हुद्दा, निदान टेलिफोन तरी हवा. स्मृतिवस्तूंची गरज इथे भासते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात हजारो माणसे उतरली. त्यांतल्या बहुतेकांना कोणत्याही व्यापारी यादीत ओळभर जागा नव्हती. अशांचा माग लागला तर पत्रकांत, वर्गणीच्या पावत्यांत, घरी जपलेल्या फोटोंत लागतो. या लढ्यातले एक अग्रणी दादासाहेब गायकवाड १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर गेले, तेही शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार म्हणून.

काही काळाचे मात्र कागदच विरळ आहेत. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पाठोपाठ झडत्या आणि नाशिक कटाचा खटला आला. अशा दिवसांत घरात पत्रक ठेवणे म्हणजे पोलिसांसाठी पुरावा ठेवणे. त्यामुळे अभिनव भारत या गुप्त क्रांतिकारक संघटनेच्या काळाबद्दल सरकारी बाजूचे कागद जास्त बोलतात, आणि ते तेवढ्याच सावधपणे वाचावेत. याउलट १९२१ च्या टिळक स्वराज्य फंडाच्या किंवा काँग्रेसच्या चार आणे सभासदत्वाच्या पावत्या लोकांनी अभिमानाने जपल्या. सप्टेंबर १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन नाशिकला भरले. असे अधिवेशन म्हटले की प्रतिनिधींचे पास, स्वयंसेवकांचे बिल्ले, मंडपाचे नकाशे आलेच.

बिल्ल्यावर साल क्वचितच असते. ते चिन्हावरून काढतात. बैलजोडी दिसली तर काँग्रेसचा बिल्ला १९७१ च्या निवडणुकीआधीचा, गाय-वासरू असेल तर १९७१ ते १९७७ या काळातला, हाताचा पंजा त्यानंतरचा. पणती जनसंघाची, झोपडी प्रजासमाजवाद्यांची. १९५२ मध्ये प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. चिन्ह ओळखले की मत देता येई. म्हणून त्या काळच्या पत्रकांवर उमेदवाराच्या चेहऱ्यापेक्षा बैल मोठे असले तर नवल नाही. पत्रक हाती आले की जाणकार आधी तळाची बारीक ओळ वाचतो. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव बंधनकारक होते, आणि छापखान्याच्या पत्त्यावरून काळ बऱ्यापैकी आवळता येतो. ती ओळच नसली, तर तोही एक पुरावा : कुणालातरी नाव लपवायचे होते.

जतनात पहिला शत्रू कागद स्वतःच. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा पडतो, घडीवर तुटतो. मग कसर, वाळवी, आणि नदीकाठच्या जुन्या नाशकात पुराची ओल. गंजलेली टाचणी कागदावर तांबूस डाग सोडते, म्हणून ती आधी काढतात. पत्र्याचे बिल्ले कागदांपासून वेगळे ठेवतात. लॅमिनेशन कटाक्षाने टाळतात, कारण ते पुन्हा निघत नाही. फाटलेल्या घडीला मागून पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने लावतात. देणगीदाराने कागद ज्या क्रमाने बांधून दिले तो क्रम मात्र मोडू नये. पावती, पास आणि फोटो एकाच रुमालात, म्हणजे कागद बांधायच्या फडक्यात, निघाले, तर ते त्या रुमालासकट नोंदवतात.