कुरू: फोरे म्हाताऱ्यांच्या आठवणींनी सोडवलेलं कोडं

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात, ओकापाच्या आसपास फोरे नावाचे लोक राहतात. रताळी लावायची, डुकरं पाळायची, असं त्यांचं आयुष्य. १९५० च्या दशकात जेमतेम अकरा हजारांच्या या समाजात वर्षाला दोनशेच्या आसपास माणसं एकाच आजाराने जात होती, आणि त्यात बायका आणि लहान मुलंच जास्त. काही गावांत तर बायकाच इतक्या कमी उरल्या की तान्ह्या पोरांना बापच सांभाळायचे.

आजाराचं नाव कुरू, म्हणजे थरथरणं. सुरुवातीला चालताना नुसता झोक जातो, मग काठी लागते, मग हातपाय ऐकेनासे होतात, बसल्या जागेवरून उठता येत नाही आणि शेवटी घास गिळता येत नाही. साधारण वर्षभरात सगळं संपतं. ताप वगैरे काही नाही, आणि आपलं काय होतंय हे बाईला बराच काळ कळत असतं. पेशंटला मध्येच आवरता न येणारं हसू फुटायचं म्हणून पेपरवाल्यांनी याला 'हसतं मरण' म्हणून टाकलं. मला हे नाव अजिबात आवडत नाही, तिथल्या कुणालाही हसू येत नव्हतं.

फोरे लोकांच्या मते ही करणी. तुमचं उष्टं, केस, नखं असलं काहीतरी चोरायचं, पानात बांधून पुडकं करायचं आणि ओल्या दलदलीत पुरायचं, ते जसं कुजेल तसा माणूस थरथरत जाणार. त्यामुळे लोक खाल्लेल्या रताळ्याचं सालसुद्धा लपवून ठेवायचे. १९६२-६३ मध्ये त्यांनी मोठमोठ्या सभा भरवल्या, करणी करणाऱ्यांना जाहीर विनवण्या केल्या की बाबांनो थांबा, बायकाच संपल्या तर आपण उरणार कसे.

डॉक्टर मंडळी १९५७ पासून मागे लागली होती, व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गायडुसेक ही त्यातली मोठी नावं. जंतू शोधले, मिळाले नाहीत. विष शोधलं, आहार तपासला, काही नाही. आजार एकाच घरातल्या, नात्यातल्या माणसांत दिसतो म्हणून मग अंदाज निघाला की हा आनुवंशिक असणार. पण इतकी तरुण माणसं मारणारा जीन पिढ्यान् पिढ्या टिकेल कसा, हा प्रश्न राहिलाच.

इथे माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम झालं, आणि ते लॅबमध्ये झालं नाही. १९६१ मध्ये शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे दोन मानववंशशास्त्रज्ञ तिथे राहायला गेले आणि लोकांना विचारत बसले, कोण कुणाचं, कोण कधी गेलं. एक तर कळलं की ज्यांना डॉक्टर 'नातेवाईक' धरत होते त्यातले कितीतरी रक्ताचे नव्हतेच, फोरे लोक शेजारपाजाऱ्यांनाही सहज नात्यात ओढून घेतात. दुसरं म्हणजे म्हातारी माणसं सांगत होती की आमच्या लहानपणी हा आजार इथे नव्हताच, तो उत्तरेकडून आला, अमुक गावात पहिल्यांदा अमुक बाईला झाला. नावानिशी आठवणी. काही दशकांत गावोगाव फिरत येणारी गोष्ट जीन कशी असेल?

आणि तिसरं, तेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं: गेलेल्या माणसाला खायची पद्धत. यात क्रौर्य शोधू नका. आपलं माणूस मातीत किड्यांनी खाण्यापेक्षा त्याच्यावर जीव लावणाऱ्यांनी त्याला पोटात ठेवावं, असा तो दुःखाचा विधी होता. बायका मेंदू रानातल्या पालेभाजीत मिसळून बांबूच्या नळीत शिजवायच्या, स्वतः खायच्या आणि मांडीवरच्या पोरांना भरवायच्या. पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की पुरुषांच्या घरात राहायला जायचा आणि मोठे पुरुष फारसं खायचे नाहीत, मेंदू तर नाहीच. आता बायका आणि मुलंच का मरत होती, हे वेगळं सांगायला नको.

लॅबचा पुरावाही येत होता. १९५९ मध्ये विल्यम हॅडलो या पशुवैद्याने लंडनच्या एका प्रदर्शनात कुरूच्या मेंदूचे फोटो पाहिले आणि त्याला मेंढ्यांचा स्क्रेपी आजार आठवला, तो एका जनावरातून दुसऱ्यात टोचता यायचा. मग १९६३ मध्ये गायडुसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुरूने गेलेल्यांच्या मेंदूचा अंश चिंपांझींना टोचला आणि जवळजवळ दोन वर्षांनी तेही थरथरायला लागले. गायडुसेक यांना १९७६ चं नोबेल मिळालं. हा जंतू नव्हताच, १९८२ मध्ये स्टॅनली प्रुसिनर यांनी त्याला प्रायॉन नाव दिलं: आपल्याच मेंदूतलं एक प्रोटीन चुकीची घडी घेतं आणि शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही तीच घडी घालायला लावतं, अशी साखळी चालू होते. शिजवून ते मरत नाही कारण ते जिवंतच नाही. मॅड काऊ म्हणून गायींच्या मेंदूचा जो आजार गाजला तो याच जातीतला.

तेव्हा हा भाग ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात होता, त्या प्रशासनाने मृताला खाण्याचा तो विधी १९५० च्या दशकात बंद पाडला आणि साधारण १९६० नंतर जन्मलेल्या कुणालाच कुरू झाला नाही. पण आधी भरवलेला घास पोटात गेला तो गेलाच. मायकल आल्पर्स हे डॉक्टर आणि तिथल्याच गोरोका गावच्या वैद्यकीय संशोधन संस्थेतले लोक, त्यांत फोरे तरुणही, वर्षानुवर्षं डोंगर चढून गावोगाव पेशंट शोधत राहिले, आणि १९९६ ते २००४ मध्येही त्यांना अकरा सापडले. म्हणजे आईच्या मांडीवर खाल्लेलं चाळीस-पन्नास वर्षांनी बाहेर येत होतं.

या भागातल्या काही लोकांच्या प्रायॉन प्रोटीनमध्ये १२७ व्या जागेवर एक छोटासा बदल आहे, आणि तो असलेला कुणी कुरूचा पेशंट म्हणून कधी सापडला नाही. २००९ मध्ये हे जाहीर झालं आणि २०१५ मध्ये हाच बदल उंदरांत घालून पाहिला. ज्या उंदरांत जीनच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक बापाकडची) बदललेल्या होत्या त्यांना कुरू टोचून काही झालं नाही, आणि मॅड काऊपासून माणसाला होणारा आजारही झाला नाही. औषध शोधणारे आता त्या एका जागेकडे बघतायत, जी बहुधा याच साथीत वाचलेल्या आयांकडून पुढे आली.