जागतिक युवा महिला व्हॉलीबॉल अजिंक्यपद स्पर्धा

शाळकरी व नुकत्याच महाविद्यालयात गेलेल्या वयाच्या मुलींच्या राष्ट्रीय संघांसाठी आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ (एफआयव्हीबी) दर दोन वर्षांनी भरवीत असलेली स्पर्धा. आरंभापासून 2021 पर्यंत ती अठरा वर्षांखालील मुलींसाठी होती. 2023 पासून वयोमर्यादा एकोणीस करण्यात आली. मुंबईत व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली पुष्कळ आहेत, तरी या स्पर्धेचे नाव शहराच्या क्रीडाचर्चेत क्वचितच येते. त्याची कारणे खेळाइतकीच शाळा, परीक्षा, नोकरी आणि पाऊस यांत आहेत.

महासंघाची स्थापना 1947 मध्ये पॅरिस येथे झाली. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा 1952 मध्ये मॉस्को येथे झाली आणि तीत भारताचा संघही उतरला होता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. वीस वर्षांखालील मुलींची स्पर्धा 1977 मध्ये ब्राझीलमध्ये सुरू झाली. त्याहून लहान वयाच्या मुलींसाठी मात्र 1989 पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी ब्राझीलच्याच कुरिचिबा शहरात ही स्पर्धा प्रथम खेळली गेली व सोव्हिएत संघाने विजेतेपद मिळविले. पुढे चीन व ब्राझील यांनी अनेकदा बाजी मारली. 2011 मध्ये अंकारा येथे यजमान तुर्कस्तानने चीनला हरवून विजेतेपद घेतले. इटलीने 2015 मध्ये लिमा येथे आणि 2017 मध्ये अर्जेंटिनात लागोपाठ दोनदा ते जिंकले. 2019 मध्ये इजिप्तमधील इस्माइलिया येथे अमेरिका, 2021 मध्ये मेक्सिकोतील दुरांगो येथे रशिया आणि 2023 मध्ये क्रोएशिया व हंगेरी यांच्या संयुक्त यजमानपदाखाली पुन्हा अमेरिका विजेती ठरली. आशियात थायलंडने 1997, 2009 व 2013 अशी तीनदा ही स्पर्धा भरविली. त्या देशाच्या महिला संघाची आजची ताकद पाहता हे यजमानपद वाया गेले नाही.

खेळाचे नियम मोठ्यांच्या स्पर्धेचेच आहेत. मैदान 18 × 9 मीटर, जाळीची उंची 2.24 मीटर, संघात बारा खेळाडू व प्रत्यक्ष मैदानात सहा. पाच सेटपैकी तीन जिंकणारा संघ विजयी ठरतो. पहिले चार सेट 25 गुणांचे, पाचवा 15 गुणांचा. सुरुवातीच्या स्पर्धा जुन्या पद्धतीने खेळल्या गेल्या. तीत पाचवा सेट सोडला तर ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सर्वच सेटमध्ये प्रत्येक रॅलीला (सर्व्हिसपासून चेंडू बाद होईपर्यंतच्या खेळाला) गुण देण्याची पद्धत आणि केवळ बचाव करणारी लिबेरो ही खेळाडू एकाच सुमारास आली. या वयोगटात त्याचा परिणाम मोठा झाला. उंची कमी पण चेंडू उचलण्यात तरबेज असलेल्या मुलीला संघात हक्काची जागा मिळाली. त्याचबरोबर सर्व्हिस चुकली की थेट गुण जाऊ लागला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचे सामने पाहताना हा दुसरा बदल अधिक जाणवतो: एखादा संघ दडपणाखाली एकामागून एक पाच-सहा गुण गमावतो आणि हातातला सेट निसटतो.

स्पर्धेचे खरे वैशिष्ट्य तिच्या वयाच्या हिशेबात आहे. पात्रता जन्मवर्षावरून ठरते. उदाहरणार्थ, 2019 च्या स्पर्धेसाठी 1 जानेवारी 2002 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या. स्पर्धा एक वर्षाआड आणि विषम साली येत असल्याने सम साली जन्मलेल्या मुलींना ती वयाच्या सतराव्या वर्षी, म्हणजे भरात असताना मिळे. विषम साली जन्मलेलीला सोळाव्या वर्षीच खेळावे लागे. पुढच्या खेपेस ती अठरा वर्षांची होऊन बाद झालेली असे. या वयात एका वर्षाने उंची, उडी व ताकद यांत किती फरक पडतो हे कोणताही शाळेतला क्रीडाशिक्षक सांगेल. इटलीची पाओला एगोनू 2015 मध्ये लिमा येथे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. तिचा जन्म डिसेंबर 1998 मधला, म्हणजे वर्ष सोयीचे असले तरी त्या वर्षातल्या मुलींमध्ये ती जवळजवळ सर्वांत लहान. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इटलीने सुवर्णपदक मिळविले तेव्हाही सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान तिलाच मिळाला.

आशियातून या स्पर्धेत जाण्याची वाट आशियाई वयोगट स्पर्धेतून जाते आणि तेथे जपान, चीन, दक्षिण कोरिया व थायलंड यांना ओलांडावे लागते. भारतातील वयोगट व्हॉलीबॉलचे मोठे यश मुलांकडे आहे. 2003 मध्ये थायलंडमधील सुफानबुरी येथे भारतीय युवा मुलांनी जागतिक उपविजेतेपद मिळविले. 2009 मध्ये एकवीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा पुण्यात बालेवाडी येथे झाली. ब्राझीलने ती जिंकली आणि भारत चौथा आला. मुंबईहून काही तासांच्या अंतरावर जागतिक दर्जाचे वयोगट व्हॉलीबॉल येऊन गेले, पण ते मुलांचे होते.

मुंबईतील मुलीचा प्रवास बहुधा शाळेच्या आवारात, मातीवर किंवा सिमेंटवर सुरू होतो. मुंबई शहर व मुंबई उपनगर असे दोन जिल्हे धरून चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धा होतात. तेथून विभाग, राज्य व राष्ट्रीय पातळी अशी चढण असते. व्हॉलीबॉल संघटनेच्या निवड चाचण्यांची वाट निराळी. खेळाडू मुलींना दहावी-बारावीच्या निकालात क्रीडागुणांची सवलत मिळते आणि पालकांचे मन वळविण्यात तिचा वाटा मोठा असतो. मात्र अठरा वर्षांखालील जागतिक युवा स्पर्धेचे वय आणि दहावी ते बारावी ही वर्षे नेमकी एकच होती. नववीपर्यंत संघाची लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उंच करून देणारी खेळाडू, असलेली मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत दहावीच्या क्लासला जाऊ लागते आणि संघाला नवी लिफ्टर शोधावी लागते. स्मॅश मारणारी दुसरी मिळते; लिफ्टर घडायला काही वर्षे लागतात, म्हणून हे नुकसान लवकर भरून येत नाही.

दुसरी अडचण हवामानाची. अलीकडच्या अनेक जागतिक युवा स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात झाल्या आहेत. त्याआधीचे दोन-तीन महिने कसून सरावाचे, आणि मुंबईत नेमके तेच पावसाचे. मैदानाचा चिखल होतो, जाळी उतरवून ठेवली जाते. बंदिस्त सभागृहे आहेत, पण ती बॅडमिंटन व इतर खेळांत वाटली जातात. शिवाय आंतरराष्ट्रीय सामने बंदिस्त सभागृहात, सपाट कृत्रिम पृष्ठभागावर होतात. मातीवर वाढलेल्या खेळाडूला तेथे झेप घेऊन चेंडू उचलण्याची सवय नव्याने लावावी लागते. सुट्या मातीवर सूर मारला की कोपर सोलते, त्यामुळे ती सहसा पायावर राहूनच बचाव करते. प्रशिक्षक याला धाडसाचा अभाव म्हणतात. खरे तर हा पृष्ठभागाने शिकविलेला शहाणपणा आहे.

तिसरी गोष्ट नोकरीची. पश्चिम रेल्वेचे मुख्यालय चर्चगेटला आणि मध्य रेल्वेचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आहे. देशातील महिला व्हॉलीबॉलमध्ये रेल्वेचा संघ दीर्घकाळ बलाढ्य राहिला असून खेळाडूंच्या राखीव जागांतून मिळणारी रेल्वेची नोकरी हे अनेक कुटुंबांचे ठरलेले ध्येय असते. ती अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळू शकते. म्हणजे ज्या वर्षी मुलगी युवा स्पर्धेला अपात्र होई, त्याच वर्षी खेळ चालू ठेवण्याचे व्यावहारिक कारण तिच्यापुढे येई. व्यावसायिक लीगचे आकर्षणही मुलींच्या वाट्याला आलेले नाही. 2019 मधील यू मुंबा व्हॉली आणि 2023 मध्ये प्राइम व्हॉलीबॉल लीगमध्ये आलेला मुंबई मिटिऑर्स हे दोन्ही पुरुषांचे संघ.

वयोमर्यादा एकोणीस झाल्याने हे गणित थोडे बदलले आहे. 2024 पासून सम वर्षी सतरा वर्षांखालील मुलींची स्वतंत्र जागतिक स्पर्धाही सुरू झाली. पहिली पेरूची राजधानी लिमा येथे झाली. आता विषम साली जन्मलेल्या मुलींना एकोणीस वर्षांखालील स्पर्धा अठराव्या वर्षी मिळते आणि सम साली जन्मलेल्यांना सतरा वर्षांखालील स्पर्धा सोळाव्या वर्षी. मुंबईच्या दृष्टीने यांतली पहिली अधिक सोयीची: त्या वयापर्यंत बारावी आटोपलेली असते आणि रेल्वेच्या भरतीचा अर्जही भरता येतो.