प्लॅटिनम-कार्बन उत्प्रेरक

प्लॅटिनम-कार्बन उत्प्रेरक : कार्बनच्या बारीक भुकटीवर साधारण २ ते ५ नॅनोमीटर आकाराचे प्लॅटिनमचे कण बसवून केलेला विद्युत् रासायनिक उत्प्रेरक. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज निर्माण करणाऱ्या इंधन-विद्युत् घटाच्या (इंधन घटाच्या) दोन्ही विद्युत् अग्रांवर तो वापरतात. ३ नॅनोमीटरच्या कणात सुमारे नऊशे अणू असतात व त्यांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास पृष्ठभागावर येतात. त्यामुळे एक ग्रॅम धातूपासून सु. ९० चौ. मी. पृष्ठफळ मिळते. इतक्या महाग धातूच्या बाबतीत सारा खटाटोप याच आकड्यासाठी आहे.

इंधन घटाच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. बाझेलचे क्रिस्टियान शनबाइन आणि वेल्सचे विल्यम ग्रोव्ह यांचे लेख १८३९ च्या आरंभी एकाच नियतकालिकात महिन्याभराच्या अंतराने आले. तत्त्वाचे श्रेय शनबाइन यांना व प्रत्यक्ष चालणाऱ्या घटमालेचे (१८४२) ग्रोव्ह यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. ग्रोव्ह यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर प्लॅटिनमचाच भुसभुशीत काळा थर चढवला होता. आजच्या उत्प्रेरकाचा तो पूर्वज होय.

निर्मिती : बहुधा क्लोरोप्लॅटिनिक अम्ल या प्लॅटिनमच्या संयुगाचे क्षपण करतात, म्हणजे इलेक्ट्रॉन पुरवून त्यातील प्लॅटिनम धातुरूपात आणतात. सोडियम बोरोहायड्राइडाने विक्रिया झटपट होते, पण कण लहानमोठे निघतात. एथिलीन ग्लायकॉलची रीत अधिक काबूत राहते, कारण यात ग्लायकॉल हाच विद्रावक आणि क्षपणकही (क्षपण घडवून आणणारा पदार्थ) असतो. दाहक सोडा घालून विद्राव सु. १६०° से. पर्यंत तापवला, की पिवळा रंग जाऊन गडद तपकिरी कलिल (द्रवात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म कणांचे मिश्रण) तयार होते. सोडा वाढवला की कण लहान होतात, हे निर्विवाद आहे. कारणाबद्दल मात्र एकमत नाही. ग्लायकॉलच्या ऑक्सिडीभवनातून बनणारे ग्लायकोलेट आयन कणांना चिकटून त्यांची वाढ रोखतात, हे जुने स्पष्टीकरण. सोडा व प्लॅटिनम यांचे प्रमाणच निर्णायक असते, असे अलीकडचे प्रयोग सुचवतात आणि त्यांचा पुरावा अधिक भक्कम आहे. पुढे कार्बन मिसळून अम्ल घालतात. कण कार्बनवर बसले, की वरचा द्रव नितळ होतो, तीच खूण. कोरड्या भुकटीवर अल्कोहॉल थेट ओतल्यास हवेत ती पेट घेऊ शकते, म्हणून आधी पाण्याने भिजवणे आवश्यक.

आकार : कण जितका लहान तितका बरा, असे नाही. २-३ नॅनोमीटरच्या खाली घटाच्या ऑक्सिजनकडील अग्रावर होणाऱ्या ऑक्सिजनच्या क्षपणात पृष्ठभागाच्या दर चौ. सेंमी. मागची क्रियाशीलता घटते. काही संशोधक याचे कारण कणांमधील अंतरात शोधतात. कडा-कोपऱ्यांवरील अणू ऑक्सिजनयुक्त गट घट्ट धरून ठेवतात, हे स्पष्टीकरण मात्र अधिक ग्राह्य ठरते.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या घटांवर काम करते. तिच्या सहभागाने बनलेली इंधन घटावरील बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सादर झाली.

वापरात प्लॅटिनम थोडा थोडा विरघळतो, लहान कण झिजून मोठे वाढतात आणि खालचा कार्बनही ऑक्सिडीभूत होतो.