उत्क्रांती ‘समजणे’ आणि उत्क्रांती ‘मानणे’

उत्क्रांतीच्या तासाला वाद पेटतो तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी बहुधा दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. शिक्षकाला धडा समजावायचा असतो. मुलाला वाटतं, घरची श्रद्धा सोडायला सांगताहेत. समजणं म्हणजे वैविध्य, आनुवंशिकता आणि तगण्यातला फरक यांतून पिढ्यांगणिक बदल कसा होतो, ते पुराव्यानिशी मांडता येणं. मानणं म्हणजे सजीवांचा इतिहास खरोखर असाच घडला, हे मनाने स्वीकारणं. गुण द्यायचे ते फक्त समजण्याला.

या दोन्ही गोष्टी एकत्र असतातच असं नाही. उत्क्रांती मानणारा मुलगा बिनदिक्कत लिहितो, ‘उंचावरचा पाला हवा होता म्हणून जिराफाची मान लांब झाली.’ हे चूक आहे. गरज पडली म्हणून शरीरात नवा गुणधर्म निर्माण होत नाही. उलट, न मानणारी मुलगी नैसर्गिक निवड (परिस्थितीत तगणाऱ्यांचे गुणधर्म पुढच्या पिढ्यांत वाढत जाणं) अचूक मांडू शकते. तिचा एकही गुण कापू नये.

जिराफाबद्दलची ही चूक दूर करायला वादापेक्षा कागदाच्या टिकल्या बऱ्या. हिरव्या कापडावर ५० हिरव्या आणि ५० लाल टिकल्या पसरा. मुलांनी ‘पक्षी’ होऊन ७५ टिपायच्या: एका वेळी एक, आणि प्रत्येक टिपणीनंतर नजर वळवायची. उरलेल्या २५ पैकी प्रत्येकीला त्याच रंगाची तीन पिल्लं द्या. पुन्हा १०० होतात. अशा तीन फेऱ्या करा. मूठभर उचलल्या तर प्रयोग फसतो, कारण मग रंगामुळे कुणी वाचत नाही. शेवटी मुलं हमखास म्हणतात, ‘टिकल्या हिरव्या झाल्या.’ तिथेच थांबवून विचारा: एका तरी टिकलीने रंग बदलला का? बदललं ते प्रमाण. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या बेटावर १९७७च्या दुष्काळात हेच दिसलं. मऊ, लहान बिया संपल्या, मोठ्या चोचीचे फिंच (बिया खाणारे छोटे पक्षी) जास्त तगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी निघाली.

माणूस शेवटी घ्या, पण वगळू नका. वगळला की मुलांना वाटतं, इथे काहीतरी लपवलंय. ‘माकडापासून माणूस’ असं म्हणू नका. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज सामाईक होता. चिंपांझीत गुणसूत्रांच्या (पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांच्या) २४ जोड्या, आपल्यात २३. आपलं दुसरं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं जोडली जाऊन बनलं, आणि एरवी टोकाला असणारे डीएनएचे क्रम त्याच्या आत, सांध्यापाशी आजही सापडतात.

‘विश्वास ठेवा’ हे शब्द वर्गात नकोत. पण ते टाळताना दुसरीकडे घसरायला होतं: ‘हे ज्याचं त्याचं मत.’ मग मुलांना वाटतं, शास्त्रज्ञांतच दुमत आहे. तसं नाही. श्रद्धा आणि उत्क्रांती यांत एकच निवडावी लागते, हेही सांगू नये. थिओडोसियस डोबझान्स्की हे उत्क्रांतीचे मोठे अभ्यासक स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते.

प्रश्नपत्रिकेत ‘माणूस उत्क्रांतीने निर्माण झाला असे तुम्हाला वाटते का?’ असं विचारलं, तर उत्तर श्रद्धेचं येईल आणि तपासणाऱ्याची पंचाईत होईल. त्याऐवजी विचारा: ‘दुसऱ्या गुणसूत्रावरून जीवशास्त्रज्ञ कोणता निष्कर्ष काढतात आणि का?’