उतू जाण्याआधीचा वारा

ऑक्टोबरात आभाळ निवळलं की संध्याकाळी हंस तारकासमूह जवळजवळ माथ्यावर असतो. हंसाच्या लांब मानेच्या मध्यावर ईटा हा तारा आहे. त्याच्यापासून पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतकं सरकलं की लहान दुर्बिणीतूनही नवव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका सापडतो, एचडीई २२६८६८. दिसायला अगदीच सामान्य. पण हा निळा महाराक्षसी तारा आणि त्याचा न दिसणारा जोडीदार ५.६ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. जोडीदार म्हणजे सिग्नस एक्स-१, सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमानाचं कृष्णविवर. त्याच्या परिसरातून येणारे क्ष-किरण १९६४ मध्ये अग्निबाणावरच्या उपकरणांनी टिपले.

क्ष-किरण निघतात ते विवरात पडू पाहणाऱ्या वायूतून. हा वायू चकतीसारखा फिरत आत सरकतो आणि लाखो अंशांपर्यंत तापतो. पण ताऱ्याचा वायू तिथवर पोचतो कसा?

एक वाट दूध उतू जाण्याची. जोडीतल्या प्रत्येक ताऱ्याच्या गुरुत्वाची एक हद्द असते. फ्रेंच गणिती एदुआर रोश यांच्या नावाने ती ओळखली जाते. तारा फुगून ती भरली की वायू जोडीदाराच्या बाजूच्या टोकातून पलीकडे सांडतो. वृश्चिकातल्या स्कॉर्पियस एक्स-१ या क्ष-किरण देणाऱ्या जोडीत हेच चालतं.

हंसातलं पातेलं काठोकाठ आलंय, पण अजून उतू गेलेलं नाही. इथे काम करतो तो वारा, आणि हा वारा उजेडाने सुटतो! ताऱ्याचा पृष्ठभाग सुमारे ३०,००० अंश तापलेला. त्याचा अतिनील प्रकाश कार्बन, नायट्रोजन, लोह यांच्या आयनांना (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंना) ढकलतो, ते बाकीच्या वायूला सोबत ओढतात, आणि वेग सेकंदाला सुमारे २,००० किलोमीटरपर्यंत जातो. वर्षाकाठी साधारण एका पृथ्वीएवढं द्रव्य असं उडून जातं. कृष्णविवराच्या वाट्याला त्यातले हजारात काहीच भाग येतात. सगळं गिळणारा राक्षस ही त्याची ख्याती मला तरी फुगवलेली वाटते.

गंमत पुढे आहे. विवराजवळून निघालेले क्ष-किरण समोरून येणाऱ्या वाऱ्यातल्या आयनांचे आणखी इलेक्ट्रॉन उडवतात. असे आयन अतिनील प्रकाश नीट शोषू शकत नाहीत, म्हणून त्यांना धक्का बसत नाही. वारा मंदावतो, आणि मंद वारा पकडणं गुरुत्वाला सोपं जातं. जेवणाऱ्यानेच वाढप्याचा हात धरावा, तसं.

हा वारा एकसारखाही नाही, त्यात गोळे असतात. विवर ताऱ्याच्या मागच्या बाजूला गेलं की त्याचे किरण या गोळ्यांतून वाट काढत आपल्याकडे येतात आणि कमी ऊर्जेचे क्ष-किरण मधूनच काही काळ दबतात. २०१५ मध्ये सोडलेल्या आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहावर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलेली क्ष-किरण उपकरणं आहेत आणि ती या जोडीकडे अनेकदा रोखली गेली आहेत. तारा मात्र म्हातारा होत फुगतच जाणार. काठ ओलांडला की वाऱ्याची मक्तेदारी संपेल.