साथीच्या काळातली वृद्धाश्रमांची भेटबंदी

भेटबंदी म्हणजे साथ चालू असताना वृद्धाश्रमात, केअर सेंटरमध्ये, जिथे म्हातारी आणि अंथरुणाला खिळलेली माणसं कायमची राहतात तिथे बाहेरच्यांना आत सोडायचं बंद करणं. शब्दाचा एक घोळ आधीच सांगते. आपल्याकडे ठाण्यात, वाशीत नर्सिंग होम म्हटलं की दहा-वीस खाटांचं डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल, बाळंतपण नाहीतर अपेंडिक्सचं ऑपरेशन आणि चार दिवसांत घरी. अमेरिकेत त्याच नावाखाली म्हातारी माणसं वर्षानुवर्षं राहतात, म्हणजे आपला वृद्धाश्रमच, फक्त नर्स आणि औषधपाणी जास्त. हॉस्पिटलमधल्या पेशंटला आज नाही भेटलं तर आठवड्याने तो घरी येतो, आश्रमातल्या माणसाचं तेच घर असतं, हा फरक लक्षात ठेवला नाही तर भेटबंदी काय प्रकार आहे ते कळतच नाही.

बंदी का लागली ते स्पष्ट आहे. कोविड म्हाताऱ्यांना सगळ्यात जास्त घातक, त्यात एका हॉलमध्ये चार-सहा पलंग, जेवण एका पंगतीला, बाथरूम सामाईक. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला तेव्हा साधारण पाच-सहा दिवस, कधीकधी चौदाही लागायचे आणि काहींना लक्षणं येतच नाहीत, त्यामुळे गेटवर कपाळाला गन लावून ताप बघण्याचा उपयोग अर्धवटच. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कर्कलंड गावच्या एका नर्सिंग होममध्ये साथ शिरली आणि बघता बघता कितीतरी माणसं गेली. १३ मार्च २०२० ला तिथल्या केंद्र सरकारने देशभरातल्या नर्सिंग होमना भेटी बंद करायला सांगितलं, अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्यांपुरती सूट ठेवून. नेदरलँड्सने २० मार्चला तेच केलं. आपल्याकडे २५ मार्चपासून लॉकडाऊनच लागला, त्यामुळे आश्रमांनी वेगळी बंदी घालायची गरजही उरली नाही, रस्त्यावरच कोणी नव्हतं.

ठाणे-नवी मुंबईत बंदीचं खरं कुलूप होतं लोकल. मार्चमध्ये लोकल बंद झाली, जूनच्या मध्यात फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी सुरू झाली, २१ ऑक्टोबरपासून बायकांना ठरलेल्या वेळेत, आणि सगळ्यांना, तेही वेळा पाळून, १ फेब्रुवारी २०२१ पासून. मधे जुलैमध्ये ठाण्यात आणि नवी मुंबईत परत कडक लॉकडाऊन. माझी आत्या नेरूळच्या एका आश्रमात आणि मी कळव्यात, ट्रान्सहार्बर लाइनच्या लोकलने एरवी तासाभराचा रस्ता, पण सात महिने तिचं तोंड मी फक्त मोबाईलवर बघितलं. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन गेले तर गेटबाहेर एक टेबल, त्यावर रजिस्टर आणि सॅनिटायझर, डब्यावर चिकटपट्टीने नाव लावून ठेवायचं आणि निघायचं. वॉचमन काकांनी सांगितलं की डबा एक दिवस बाहेरच राहील, मग आत जाईल. आत्याला पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आणलं होतं, तिने हात केला, काहीतरी बोललीही पण रिक्षांच्या आवाजात मला कळलं नाही.

आता मुख्य गोष्ट. गेट घरच्यांना बंद होतं, पण आजार घरच्यांबरोबरच येतो असं थोडंच आहे. आंघोळ घालणाऱ्या मावशी, स्वयंपाकाच्या बायका, रात्रपाळीचा वॉर्डबॉय यांना यावंच लागतं, आणि पगार इतका कमी की बरेच जण दोन ठिकाणी ड्युटी करतात. कर्कलंडच्या तपासातही हेच निघालं, अंगात लक्षणं असून कामावर आलेला आणि एकाहून जास्त ठिकाणी काम करणारा स्टाफ हे साथ पसरायचं एक कारण होतं. म्हणजे ज्या मावशींना सुट्टी घेतली की पगार कापला जाणार, त्यांना भरपगारी रजा देणं ही भेटबंदीइतकीच महत्त्वाची गोष्ट होती, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरं म्हणजे भेटायला येणारा आणि सांभाळायला येणारा यांना एकाच मापाने मोजलं गेलं. कुणाची मुलगी रोज दुपारी येऊन दोन घास भरवत असते, विस्मरणाचा आजार झालेल्या आईला तिच्याशिवाय कोणाच्या हातचं जात नाही, ती मुलगी पाहुणी कशी? ती बंद झाली की जेवण कमी होतं, वजन उतरतं, चालणं सुटतं, माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. व्हिडिओ कॉलने थोडं भागतं पण ज्याला कमी ऐकू येतं, दिसतं तो त्या स्क्रीनकडे नुसता बघत बसतो. हे लक्षात आल्यावर नेदरलँड्सने ११ मे २०२० पासून आधी २६ ठिकाणी प्रत्येकामागे एकच ठरलेला माणूस आत सोडून बघितलं आणि मग हळूहळू सगळीकडे भेटी सुरू केल्या. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतानेही सांभाळणाऱ्या घरच्यांना पाहुण्यांपासून वेगळं काढलं.

१ मार्च २०२१ पासून आपल्याकडे साठीच्या वरच्यांना लस मिळू लागली आणि गेटं किलकिली झाली. १२ नोव्हेंबर २०२१ ला अमेरिकेने नर्सिंग होमच्या भेटी सगळ्या वेळी खुल्या केल्या, आणि त्याच महिन्याच्या शेवटी इकडे ठाणे जिल्ह्यात भिवंडी तालुक्यातल्या सोरगावच्या एका वृद्धाश्रमात साठाहून जास्त जण पॉझिटिव्ह निघाले, बहुतेकांचे दोन्ही डोस झालेले. त्यांना ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला हलवलं.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा आत्याच्या आश्रमाने पूर्ण बंदी घातली नाही. प्रत्येकामागे घरच्या एकाचं नाव लिहून घेतलं, डोसचं सर्टिफिकेट बघितलं, आठवड्यातून एक दिवस अर्धा तास. मी मास्क लावून आत गेले तर आत्या पहिलं वाक्य हेच बोलली, तोंडावरचं ते काढ गं, ओठ दिसले नाहीत तर मला ऐकू येत नाही.